आईंच्या अत्तरातले फळ कुठे गेले?

गेल्या पावसाळ्यातील एका सकाळी माझ्या दवाखान्यात सासू-सून अशा दोघी आल्या. सासूबाई 76 वर्षांच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. गेली अठरा-वीस वर्षे त्या रक्तदाबाच्या तपासणीसाठी माझ्याकडे येतात. त्या दिवशी त्या दारातून आत येण्यापूर्वी त्यांच्या अत्तराचा वास आत आला. बाहेरच्या बाकावर बसलेल्या दम्याच्या एका आजोबांनी उपरणे नाकाला लावले. सूनबाई संकोचून म्हणाल्या, "डॉक्टर, आता तुम्हीच सांगा आईंना. पूर्वी एक बाटली वर्षभर पुरायची, आता तीन महिन्यांत संपते. रिक्षावाला वळून बघतो, नातू शिंकून शिंकून हैराण होतो. या वयात एवढी हौस बरी दिसते का?"

सासूबाईंनी पिशवीतून बाटली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. "हौस नाही हो," त्या म्हणाल्या, "बाटलीतच काहीतरी खोट आहे. पूर्वी लावलं की आधी पिकल्या फळाचा वास यायचा. मग हळूहळू लाकडाचा, तो पार संध्याकाळपर्यंत. आता फळ येतच नाही. नुसतं लाकूड येतं, तेसुद्धा पुसट. म्हणून दोनदा जास्त मारते, झालं."

ही बाटली त्यांची लेक फ्रान्समधून येताना आणते. पहिल्यांदा आणली तेव्हा बाईंचे यजमान हयात होते आणि त्यांनी, "तुझ्या कपाटात कुणी आलुबुखार विसरलंय का?" असे विचारले होते म्हणे. तेव्हापासून हेच अत्तर.

मी झाकण काढले आणि एक फवारा रुमालावर घेतला. फळ होते. अगदी स्पष्ट, भरघोस. सूनबाईंच्या नाकाशी रुमाल धरला; त्याही म्हणाल्या, "येतोय की वास, आलुबुखारासारखा." बाईंनी रुमाल घेतला, डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला, आणि नकारार्थी मान हलवली. बाटली खरी होती. बदलले होते ते नाक.

वाचकहो, आपल्या घरातील वृद्ध व्यक्ती अचानक जास्त अत्तर लावू लागली, किंवा आयुष्यभर आवडलेल्या वासाविषयी तक्रार करू लागली, तर तिला हसण्यापूर्वी किंवा रागावण्यापूर्वी पुढील मजकूर अवश्य वाचावा. मी साधी एमबीबीएस डॉक्टर आहे, अत्तरांची जाणकार नव्हे. परंतु या बाईंमुळे मला अत्तराच्या रचनेचा थोडा अभ्यास करावा लागला, आणि त्यातून वृद्धांच्या नाकाविषयी जे उमगले ते सांगणे मला माझे कर्तव्य वाटते.

प्रथम हे अत्तर कसले, ते पाहू. ज्याला अत्तरांच्या जगात फळ आणि लाकूड यांचा मेळ म्हणतात, त्या कुळातील ते आहे. या कुळाची थोर पूर्वज म्हणून 'मित्सुको' या फ्रेंच अत्तराकडे बोट दाखवले जाते. जाक गेर्लँ या अत्तरकाराने ते 1919 साली सिद्ध केले. नाव जपानी वाटते खरे, पण ते क्लोद फारेर या फ्रेंच लेखकाच्या 1909 सालच्या कादंबरीतील नायिकेचे आहे. त्यात वर बर्गामॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचा वास, मधे गुलाब व जाई, तळाशी ओकमॉस आणि आपला वाळा. आणि या सर्वांतून सरकणारा पीच फळाचा मऊ, केसाळ सालीसकटचा वास. हा पीच झाडावरचा नव्हे. लिंबूवर्गातील साली सोडल्या तर बहुतेक रसाळ फळांतून अत्तराला उपयोगी पडेल असे तेल निघत नाही, म्हणून फळाचा वास प्रयोगशाळेत घडवावा लागतो. 'मित्सुको'तील पीच गॅमा-अन्डेकॅलॅक्टोन नावाच्या रेणूने आणला. लॅक्टोन हे रेणूंचे घराणे आपल्याला परके नाही. खोबऱ्याच्या आणि कढवलेल्या तुपाच्या वासातही त्याच घराण्यातील मंडळी असतात. म्हणून कित्येकांना पीचच्या वासात कुठेतरी खोबऱ्याची आठवण होते.

दुसरे उदाहरण अलीकडचे. 1992 साली शिसेइदो या जपानी कंपनीने 'फेमिनिते द्यु ब्वा' हे स्त्रियांचे अत्तर आणले. या फ्रेंच नावाचा अर्थ 'लाकडाचे स्त्रीत्व'. कल्पना सेर्ज ल्युतांस यांची, घडण पिएर बूर्दों आणि ख्रिस्तोफर शेल्ड्रेक यांची. तोवर लाकडाचा वास युरोपात पुरुषांचा मानला जाई, स्त्रियांना फुले. ल्युतांस यांच्या मनात मोरोक्कोतील अॅटलास पर्वतावरच्या सीडर वृक्षाचे लाकूड भरले होते. त्यांनी त्या कोरड्या, तासलेल्या लाकडाभोवती आलुबुखार, पीच, दालचिनी, लवंग, वेलची असा साज चढवला. अॅटलास सीडर म्हणजे आपल्या हिमालयातील देवदाराचा सख्खा भाऊ, एकाच वंशातला. त्या वासाची कल्पना करायची असेल तर पूर्वीची चांगली शिसपेन्सिल तासताना येणारा वास आठवावा, आणि शेजारी मुरंब्याची बरणी उघडी ठेवली आहे असे समजावे. आमच्या बाईंची बाटली याच वळणाची होती.

खरे तर या स्वभावाचा वास मराठी घरात मुळीच नवखा नाही. सहाणेवर चंदन उगाळत असताना देवघरात नैवेद्याची केळी आणि कापलेला आंबा ठेवलेला असतो, तेव्हा जे काही दरवळते ते याच जातीचे. किंवा गवतात पिकत घातलेल्या आंब्यांची अढी, जुन्या लाकडी माळ्यावरची. मी हे बाईंना सांगितले तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "आमच्या माहेरचा माळा!" वास गेला तरी त्याची आठवण जागच्या जागी शाबूत होती.

आता अत्तर अंगावर कसे उलगडते ते पाहू, कारण निदानाची किल्ली तिथेच आहे. अत्तर म्हणजे लहानमोठ्या रेणूंची मिरवणूक. हलके रेणू झटकन उडतात. लिंबूवर्गातले तर काही मिनिटांत. फळांचे बरेच रेणू त्यांच्या पाठोपाठ जातात. चंदन, सीडर, वाळा यांचे रेणू जड, ते त्वचेला आणि कापडाला धरून तासन् तास बसतात. त्यामुळे आधी फळ आणि मग लाकूड हा क्रम सर्वसाधारणपणे बरोबर. पण पीचचे लॅक्टोन किंवा आलुबुखाराचा भास देणारे काही रेणू चांगले चिवट असतात. ते लाकडाच्या सोबतीने मागे राहतात आणि त्या कोरडेपणाला पिकलेपणाची झाक देतात. या कुळातील चांगल्या अत्तराचे वैशिष्ट्यच ते. सकाळी वास चटकदार आणि गोड वाटतो; दुपारी त्याला शांतपणा येतो, पण गोडवा पूर्ण सुटत नाही. म्हणूनच "फळ येतच नाही" हे बाईंचे वाक्य माझ्या कानाला खटकले. बाटली जुनी होऊन, उन्हात राहून वरचे वास बिघडू शकतात. पण मला आणि सूनबाईंना फळ येत होते.

आपल्या नाकाच्या छताशी पोस्टाच्या तिकिटाएवढी ओलसर त्वचा असते. तिच्यात वास ओळखणारे लक्षावधी मज्जातंतू असतात. त्यांच्या टोकांवर सुमारे 400 प्रकारची ग्राहके असतात आणि एकेक रेणू त्यांतील काहींना वेगवेगळ्या मेळाने छेडतो. ही व्यवस्था उलगडून दाखवल्याबद्दल रिचर्ड अॅक्सेल आणि लिंडा बक यांना 2004 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे तंतू शरीरातील इतर बहुतेक मज्जातंतूंप्रमाणे जन्मभर तेच राहत नाहीत. ते झिजतात आणि तळातील पेशींपासून नवे उगवतात. तारुण्यात ही भरती भराभर होते. वय वाढते तशी ती मंदावते, मधेमधे मोकळ्या जागा पडतात. शिवाय हे तंतू ज्या चाळणीसारख्या हाडाच्या छिद्रांतून मेंदूकडे जातात ती छिद्रेही उतारवयात अरुंद होत जातात.

ही झीज सर्व वासांना सारखी लागत नाही. कुणाचा गुलाब आधी जातो, कुणाचे लिंबू. एखाद्या वाद्यवृंदातील सनई थांबावी आणि तबला चालू राहावा, तसे एखाद्या मिश्र अत्तरातील एक भाग गळून पडतो. म्हणून माणसाला "मला वास येत नाही" असे वाटत नाही. "वास बदलला", "हल्ली माल चांगला येत नाही", "पूर्वीसारखी कोथिंबीर राहिली नाही" असे वाटते. दोष बाहेर दिसतो. (कोथिंबिरीविषयीची ही तक्रार दहा आजोबांकडून ऐकली तर त्यांतील काही खरीही असते, हे मान्य.)

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील रिचर्ड डोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 65 ते 80 या वयातील निम्म्याहून अधिक लोकांची वास ओळखण्याची शक्ती लक्षणीयरीत्या घटलेली आढळली, आणि ऐंशीच्या पुढे तर तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांची. डोळे आणि कान यांच्यासाठी आपण चष्मे, यंत्रे आणतो. नाकाची विचारपूस मात्र कुणी करीत नाही. यात मी स्वतःलाही दोषी धरते. या बाईंचा रक्तदाब दीड वर्षापासून थोडा थोडा वर सरकत होता, वजन साडेतीन किलोंनी उतरले होते. मी गोळ्यांचे प्रमाण वाढवले, थायरॉइड आणि साखर तपासली, दातांची कवळी बघून घेतली. जेवणाला चव लागते का, एवढे विचारले नाही.

त्या दिवशी विचारले. उत्तर सूनबाईंनी दिले. "आई हल्ली प्रत्येक भाजीवर वरून मीठ घेतात. लोणचं तर वाटीभर. आणि चार घास खाऊन उठतात."

चव म्हणून आपण ज्याला नाव देतो त्यातील मोठा वाटा वासाचा असतो. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू आणि आमटीतील तो तोंड भरणारा रस, एवढेच कळते. हिंगाची फोडणी, गोड्या मसाल्याचा दरवळ, ताज्या ताकातील आले, हे सगळे घशाच्या मागच्या वाटेने नाकात जाऊन कळते. ती वाट बंद पडली की उरते मीठ, साखर आणि तिखट. वृद्ध माणूस त्यांचीच भर घालतो. रक्तदाब आणि साखर वाढतात, आणि अन्नावरची वासना उडते म्हणून वजन घटते.

मग सूनबाईंना आणखी एक प्रसंग आठवला. तो सांगताना त्यांचा आवाज उतरला. दोन महिन्यांपूर्वी त्या कामावरून परतल्या तेव्हा जिन्यातच गॅसचा वास येत होता. शेगडीवरचे दूध उतू जाऊन ज्योत विझली होती, बटण चालूच होते. बाई शेजारच्याच खोलीत वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. घरच्यांनी तो विसराळूपणा समजला आणि त्यांना स्वयंपाकघरात जायला बंदी केली. बाईंनी ती निमूटपणे स्वीकारली होती. "मलाही वाटलं, डोकं चालेनासं झालं," त्या म्हणाल्या.

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. ज्याचे नाक काम करीत नाही त्याच्या बाबतीत ही सारी योजना निष्फळ ठरते. त्यांची स्मरणशक्ती मी त्याच बैठकीत तपासली. ती माझ्यापेक्षा बरी निघाली.

हे सर्व एका अत्तराच्या बाटलीमुळे कळले. त्या फळाविषयी तक्रार करीत राहिल्या नसत्या तर पुढचा प्रसंग कसा झाला असता कोण जाणे.

घरच्या घरी नाकाचा अंदाज घेता येतो. कॉफीची पूड, वेलची, हिंग, अंगाचा साबण अशा चार ओळखीच्या वस्तू झाकणाच्या डब्यांत घ्याव्यात. डोळे मिटायला सांगून एक नाकपुडी बोटाने बंद करून दुसरीने, मग पहिलीने वास घ्यायला लावावा. वेदनाशामक बाम, कापूर किंवा नवसागर यासाठी वापरू नये. त्यांचा झोंबणारा गारवा वा उग्रपणा चेहऱ्याच्या वेगळ्या मज्जातंतूने कळतो, वासाची शक्ती पूर्ण गेलेला माणूसही "येतोय की!" म्हणतो आणि आपण फसतो. ही परीक्षा घेताना शाळेतल्यासारखे गुण देऊ नयेत. वृद्धांना चुकण्याची लाज वाटते आणि मग ते अंदाजाने उत्तरे देतात.

आणखी एक खुलासा. अत्तर लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांत स्वतःला त्याचा वास येईनासा होतो, हे तरुणांनाही होते. नाक त्याच त्या वासाला सरावते आणि लक्ष काढून घेते. बाहेर जाऊन परत आल्यावर वास पुन्हा येतो. तो सराव, आजार नव्हे. तसेच काही कस्तुरीसारखे आणि काही लाकडी रेणू असे आहेत की धडधाकट माणसांपैकीही काहींना ते जन्मतःच येत नाहीत. पण जो वास पूर्वी येत होता, तो पहिल्या फवाऱ्यालाही येत नाही, आणि असे महिनोन् महिने चालले आहे, तर डॉक्टरांना दाखवावे.

डॉक्टर काय पाहतील? नाकातील कोंब, जुनी सर्दी, सायनसची सूज ही कारणे सर्वांत दिलासा देणारी, कारण त्यांवर उपचार आहेत. कोविड किंवा साध्या विषाणूजन्य सर्दीनंतर वास जातो, हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. डोक्याला मार लागल्याने तंतू तुटू शकतात. म्हणून न्हाणीघरात पडल्याची घटना लपवू नये. धूम्रपान आणि तपकीर यांचाही वाटा असतो. एकाच नाकपुडीचा वास गेला असेल आणि त्यातून रक्त येत असेल तर वेळ न घालवता नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे जावे. पार्किन्सन आणि अल्झायमर या आजारांत वासाची शक्ती इतर लक्षणांच्या आधी, कधी काही वर्षे आधी, कमी होऊ शकते. हे वाचून घाबरू नये. वास मंदावलेल्या बहुसंख्य वृद्धांना यांतील काहीही नसते. मात्र त्याच्या जोडीला हालचाली संथ होणे, अक्षर बारीक होत जाणे, हात थरथरणे, झोपेत हातपाय झाडणे किंवा नव्या गोष्टी वारंवार विसरणे असे काही असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आमच्या बाईंच्या नाकात कोंब नव्हता. तज्ज्ञांनी वयोमान आणि मागील वर्षीची लांबलेली सर्दी अशी दोन कारणे मांडली आणि नाकाचा व्यायाम सुचवला. हा प्रकार जर्मनीतील ड्रेस्डेन येथील थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली मांडला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी पंधरा-वीस सेकंद, किमान 12 आठवडे हुंगायचे. हुंगताना त्या वस्तूची आठवण मनात आणायची. विषाणूजन्य आजारानंतर गेलेल्या वासासाठी याचा चांगला उपयोग दिसून आला आहे. वयाने मंदावलेल्या नाकाला किती लाभ होईल ते माणसागणिक बदलते. आपल्याकडे साहित्य घरातच असते. निलगिरी तेलाचे दोन थेंब कापसावर पुरेत, आणि ती बाटली नातवंडांच्या हाती लागू देऊ नये, ते तेल पोटात जाणे धोक्याचे आहे. बाईंनी पाचवा डबा स्वतःच वाढवला. त्यात अत्तर लावलेला कापूस होता.

स्वयंपाकघरात गॅसगळती ओळखणारे यंत्र बसवले. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने ते जमिनीलगत, कंपनीच्या सूचनेप्रमाणे लावावे लागते. आमच्या सुताराने आधी ते छताशी ठोकले होते. शिळ्या पदार्थांच्या डब्यांवर तारीख लिहिण्याची पद्धत सुरू झाली. भाजीत मीठ न वाढवता लिंबू, भाजलेले तीळ, दाण्याचे कूट, कुरकुरीत काकडी असे काही घालायला सांगितले. वास नसला तरी आंबटपणा, पोत आणि रंग जेवणात गोडी आणतात. आणि बाईंची स्वयंपाकघरातील बंदी उठली. माझ्या मते साऱ्या उपचारात हा भाग सर्वांत मोलाचा होता.

अत्तराचे काय करायचे, हा प्रश्न उरला. सूनबाईंची अपेक्षा होती की मी ते बंद करायला सांगेन. मी तसे केले नाही. वासाचा संदेश मेंदूत भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांकडे जवळच्या वाटेने पोहोचतो. ज्या वासाशी माणसाची तीस वर्षे जोडलेली आहेत, तो त्याच्या हातून काढून घेणे मला औषधोपचारात बसणारे वाटत नाही. फक्त मोजमाप दुसऱ्याच्या नाकाने करावे. दोन फवारे, आणि ते सूनबाईंनी मारायचे, असे ठरले.

उतारवयात अत्तर लावताना त्वचेची काळजी घ्यावी लागते. बाटलीतील बहुतांश द्रव मद्यार्क असतो आणि वृद्धांची त्वचा आधीच कोरडी व पातळ. आधी बिनवासाचे पेट्रोलियम जेली किंवा मलम किंचित चोळून त्यावर अत्तर लावले तर त्वचा चुरचुरत नाही आणि वास टिकतोही अधिक. नवे अत्तर थेट गळ्याला लावू नये. कोपराच्या आतील बाजूस दिवसातून दोनदा एका ठरावीक जागी सात-आठ दिवस लावून पाहावे. खाज, लाली, पुरळ आले नाही तरच वापरावे. मानेवर किंवा कानामागे महिनोन् महिने न हटणारा इसब असेल तर अत्तर आणि केसांचा कलप या दोघांचा संशय घ्यावा.

'मित्सुको'च्या तळाशी असलेल्या ओकमॉसची कथा इथे सांगण्याजोगी आहे. ओकमॉस म्हणजे ओक वृक्षाच्या सालीवर वाढणारे शेवाळासारखे दगडफूल. होय, आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफूल त्याच मोठ्या जमातीतले, शैवाल आणि बुरशी यांच्या सहजीवनातून बनलेले. ओकमॉसच्या अर्कातील अॅट्रॅनॉल आणि क्लोरोअॅट्रॅनॉल ही द्रव्ये त्वचेला तीव्र अॅलर्जी आणतात असे सिद्ध झाल्यावर युरोपीय संघाने 2017 सालच्या नियमाने प्रसाधनांत त्यांवर बंदी घातली. कित्येक जुन्या अत्तरांच्या कृती त्यामुळे बदलाव्या लागल्या. हा प्रश्न त्वचेला लागणाऱ्या अर्काचा आहे, आमटीतल्या चिमूटभर मसाल्याचा नव्हे. दगडफूल फेकून देण्याचे कारण नाही. पण कपाटात फार जुनी, वारशाने आलेली परदेशी बाटली असेल तर ती अंगाला न लावता रुमालाला लावावी, हे बरे.

आणखी थोड्या सूचना. घरात दमा किंवा फुफ्फुसाचा जुना विकार असलेले कुणी असेल तर त्यांच्या खोलीत फवारा मारू नये. निरांजन, उदबत्ती, शेगडी पेटलेली असताना तर मुळीच नाही, मद्यार्क क्षणात पेट घेतो. घरी प्राणवायूचे यंत्र चालू असलेल्या रुग्णाजवळ ही काळजी दुप्पट घ्यावी. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या हाताशी बाटली ठेवू नये. त्या कधी पिण्याचे समजून तोंडाला लावतात. त्यांना ओळखीचा वास द्यायचा असेल तर रुमालावर एक थेंब देऊन उशाशी ठेवावा.

त्या बाई माघ महिन्यात पुन्हा आल्या. वजन दीड किलोने वाढले होते. लवंग आणि लिंबू आता येते, गुलाब कधी येतो कधी नाही, असा त्यांनी हिशेब दिला. "आणि अत्तर?" मी विचारले. लाकूड पूर्वीपेक्षा स्पष्ट येते, म्हणाल्या. फळ अजून नाही.

मी रक्तदाबाचा पट्टा त्यांच्या दंडाला बांधत होते. त्यांनी दुसरा हात सुनेपुढे केला. "बघ गं, आहे का अजून?"

सूनबाईंनी वाकून मनगटाचा वास घेतला. "आहे आई. सकाळी कच्चं होतं, आता पिकलंय."

रक्तदाब 136/82 भरला. मी एक गोळी कमी केली.